सांगाव्याचं शेपूट

“सॉकेट?” साहेबराव म्हणाले. “मंग इलेक्ट्रिकवाल्याला बोलवू का?”

“ते सॉकेट वेगळं, साहेब,” बेबीनंदा खरात म्हणाली. गेल्या तीन महिन्यांत तिनं हे चौथ्यांदा सांगितलं होतं.

साहेबरावांची जालन्यात बियाण्यांची कंपनी होती आणि बेबीनंदा त्या कंपनीचा अख्खा कॉम्प्युटर विभाग होती. तिनं पुन्हा एकदा सुरुवातीपासून समजावलं. दोन कॉम्प्युटरांना आपसात बोलायचं तर दोघांनाही आपापल्या घराला एकेक दार ठेवावं लागतं. त्या दाराला सॉकेट म्हणायचं. अडचण एवढीच होती की ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर विंडोज होतं आणि बदनापूरच्या गोदामातल्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स, कारण विंडोज उचलण्याइतका दम त्याच्या कमरेत राहिला नव्हता. दारं दोघांचीही दिसायला सारखी, पण उघडायची तऱ्हा निराळी. लिनक्सचं दार ढकललं की उघडायचं. विंडोजचं मात्र जावयासारखं. आधी पाट मांडा, पाणी द्या, मगच बोलणं. आणि उठताना रीतसर निरोपाचा विडा. त्यात कुठं कमी पडलं की ते रुसलंच.

“मंग दोघांला दोन प्रोग्राम लिहा,” साहेबराव म्हणाले, आणि लगेच स्वतःच फिरले. “न्हाई, तसं नको. उद्या मंठ्याला डेपो टाकायचाय. तिथल्या डब्यात काय असंल, कोणाला माहीत! प्रोग्राम एकच पाहिजे. जिथं ठेवला तिथं चालला पाहिजे बराबर.”

बेबीनंदालाही नेमकं तेच हवं होतं. औरंगाबादला एमसीए केल्यावर तिच्या वर्गातली निम्मी मुलं पुण्याला गेली. ही जालन्यात राहिली, ती काही हरून नव्हे. इथं बसूनही असं काही करता येईल की जे पुण्याच्या माणसानं उचलून वापरावं, हे तिच्या डोक्यात होतं. तिनं सी भाषेत एक थर बांधला. वापरणाऱ्याला त्यात चारच शब्द दिसत: जोड, ऐक, पाठव, तोड. खाली विंडोज आहे की लिनक्स, पाट मांडायचा की नुसतं ढकलायचं, ते सगळं तो थर आतल्या आत निस्तरायचा. तिचे वडील तातेराव मास्तर म्हणाले, “निरोप पोचवतंय ना? मग सांगावा म्हण त्याला.” नाव ठरलं, सांगावा.

टेबलावर दोन कॉम्प्युटर शेजारी शेजारी ठेवून तिनं सांगावा तीन आठवडे चालवला. ‘काय चाललंय’ पाठवलं की ‘काय चाललंय’ पोचायचं. ‘चहा झाला का’ पाठवलं की ‘चहा झाला का’. एकदाही चूक नाही.

गरज खरीच होती. आदल्या वर्षी ऐन हंगामात फोनवर सांगितलेली आठ पोती गोदामात साठ ऐकू गेली होती. तेव्हापासून साहेबरावांनी ठरवलं होतं की आता जे काय ते लेखी. २००१ सालच्या जूनमध्ये, पेरण्या तोंडावर आलेल्या असताना, एका सोमवारी सकाळी ऑफिसच्या फोनची तार मोडेमला जोडली गेली आणि बदनापूरच्या गोदामाशी सांगावा सुरू झाला. तिथं रामकिसन काका होते. वीस वर्षं गोदाम सांभाळलेला माणूस, इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायला आठ दिवसांत शिकलेला. मराठी अक्षरं त्या जुन्या कॉम्प्युटरवर उमटत नसत, म्हणून ही सोय.

साडेदहाला बियाणं तपासणाऱ्या नंदाबाई प्रयोगशाळेतून तीरासारख्या आल्या. त्यांच्या हातात ओल्या कागदाची गुंडाळी होती. त्यांनी ती टेबलावरच उलगडली.

“भाऊ, एकशे चौदा नंबरचा बाजरीचा लॉट. शंभर दाणे टाकले, एकेचाळीसच उगवले. दोनदा करून पाह्यलं.”

साहेबराव उठून उभे राहिले. तोच लॉट शहागडच्या दुकानात जायला बदनापूरला ट्रकमध्ये भरून तयार होता. दुपारी दुकानात उतरला की संध्याकाळपर्यंत वीस गावांत पांगला असता, आणि एकदा रानात पडलेलं बी परत गोळा करता येत नाही.

“गाडी थांबवा जल्दी! लिहा सांगावा!”

बेबीनंदानं कीबोर्ड ओढला. “गाडी सोडू नका, एवढंच लिहिते.”

“असं कसं? पहिलाच सांगावा हाय. रामकिसन जुना माणूस हाय. रीतीनं लिहा.” आणि पाठीमागं हात बांधून साहेबराव सांगू लागले. श्रीयुत रामकिसन यांस सप्रेम नमस्कार. विशेष लिहिण्यास कारण की. मग कॉम्प्युटर शिकल्याबद्दल अभिनंदन. मग रामकिसनच्या बैलाच्या खुराची चौकशी. मग बरसातीचा अंदाज. बेबीनंदा निमूटपणे टाइप करत गेली. “...तरी शहागडची गाडी सोडू नका. बस. कारण लिहू नका, गोदामात चार माणसं वाचतेत. ते मी मंग सांगीन.”

तिनं ‘पाठव’ दिलं. पाच मिनिटांनी उत्तर आलं:

‘हो. गाडी सोडली. मालाचे कागद कुठं घ्यायचे?’

बेबीनंदानं ते मोठ्यानं वाचलं आणि दुसऱ्यांदा मनात वाचलं. साहेबरावांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल.

“सोडू नका म्हणलं, अन् हो म्हणून सोडली? त्याला झालंय काय?”

तिनं घाईघाईनं ‘गाडी परत बोलवा’ पाठवलं. उत्तर नाही. पुन्हा पाठवलं. तरीही नाही.

“फोन लावा!”

“साहेब, फोनची तारच सांगाव्यानं धरलीय.”

“मंग सोडवा!”

तिनं ‘तोड’ दिलं, मोडेम काढलं, फोन जोडला. साहेबरावांनी नंबर फिरवला. पलीकडे दोन घंट्या वाजल्या आणि फोन उचलला गेला. साहेबरावांनी “रामकिसन!” म्हणून हाक मारली आणि रिसीव्हर हातभर लांब धरला. आतून किर्र, च्यांऽऽ, खर्रर असा आवाज खोलीभर पसरला.

“हा वरडून काय राह्यलाय?”

“ते रामकिसन काका न्हाईत. तिकडचं मोडेम हाय,” बेबीनंदा हळू आवाजात म्हणाली. “घंटी वाजली की कॉम्प्युटर उचलतो, तुम्ही हात लावू नका, अशी चिठ्ठी मीच चिकटवून आल्ते.”

साहेबरावांनी जीपची किल्ली उचलली आणि तिलाही बरोबर घेतलं. बदनापूरहून शहागडला जायचं तर ट्रक जालन्यावरूनच जाणार. म्हणजे समोरून गेलं तर रस्त्यातच सापडेल, असा साधा हिशेब होता.

हिशेब बरोबर होता. आठ-दहा किलोमीटरवर हिरवी ताडपत्री टाकलेला ट्रक समोरून येताना दिसला. साहेबरावांनी जीप आडवी घातली, उडी मारली आणि दोन्ही हात वर करून ट्रक थांबवला. ड्रायव्हर अनोळखी होता. ताडपत्रीखाली लोखंडी सळया होत्या. पुढं पाच मिनिटं ड्रायव्हर जे बोलला त्यातलं निम्मं बेबीनंदानं ऐकलंच नाही असं दाखवलं. तेवढ्यात मागून आलेला आणखी एक हिरव्या ताडपत्रीचा ट्रक कडेनं निघाला. त्याच्या ड्रायव्हरनं साहेबरावांच्या पाठीला अदबीनं सलाम केला आणि तो पुढे गेला. ‘किती भला माणूस,’ असं बेबीनंदाच्या मनात आलं.

गोदामात रामकिसन काका निवांतपणे पोती शिवत बसले होते. साहेबरावांना पाहून ते लगबगीनं उठले. चेहऱ्यावर कौतुक मावत नव्हतं.

“भाऊ, तुम्ही मालक माणूस. अन् मला इचारून राह्यले! मला लई बरं वाटलं.”

“काय इचारलं मी?”

“गाडी सोडू का म्हणून! बैलाची पण चौकशी केली.” काकांनी त्यांना कॉम्प्युटरपुढं नेलं. पडद्यावर नमस्कार होता, अभिनंदन होतं, खूर होता, बरसात होती, आणि सगळ्यात शेवटी: ‘तरी शहागडची गाडी सोडू’. पुढं काही नाही.

“म्हणून मी हो लिहिलं. पुंजाराम ड्रायव्हर खोळंबला होता, त्याला सोडलं. कागद कुठं घ्यायचे ते तेवढं इचारलं. तुमचं उत्तर लगेच आलं की.”

“मी काही उत्तर दिलं न्हाई!”

“हे काय मंग?” काकांनी खालच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथं चार इंग्रजी अक्षरं होती. एन, ए, के, ए.

“नाका,” काकांनी वाचून दाखवलं.

बेबीनंदानं ती अक्षरं पुन्हा वाचली. तो नाका नव्हता. ते ‘नका’ होतं. तिच्या सांगाव्याचं तुटलेलं शेपूट.

तिला एका क्षणात सगळं दिसलं. फोनच्या तारेतून लांब निरोप एका घासात जात नाही, तुकड्यांनी जातो. तिच्या प्रोग्रामला पहिला तुकडा मिळाला की तो समजायचा, झालं, निरोप संपला. उरलेला तुकडा दाराशी तसाच उभा राहिला. काकांनी प्रश्न पाठवून पुन्हा ‘ऐक’ म्हटल्यावर तो आत आला आणि उत्तर होऊन बसला. उत्तर मिळालं म्हणून काका पोती शिवायला गेले, आणि ‘गाडी परत बोलवा’ कुणी ऐकलंच नाही. टेबलावर हे कधीच घडलं नव्हतं, कारण टेबलावर ती एवढंसंच बोलत होती. ‘चहा झाला का’ कशाला तुटतोय!

“चूक माझी हाय, साहेब,” ती म्हणाली. “काकांची न्हाई.”

“ते मंग पाहू. गाडी कुठं असंल आता? अंबडच्या पुढं, शहागडकडं?”

“पुढं कशी जाईल?” रामकिसन काका गोंधळून म्हणाले. “तुम्हीच नाका म्हणले. औरंगाबाद रोडचा नाका तर पाडला. पुंजाराम फाटकातून निघतच होता, त्याला सांगितलं, अंबड रोडच्या जुन्या नाक्यावर थांब. कागद हातात पडल्याबिगर जागचं हलायचं न्हाई.”

साहेबराव तसेच वळले. त्यांनी काकांना हाताला धरून जीपमध्ये बसवलं.

जुन्या नाक्याच्या पडक्या खोलीच्या सावलीत हिरव्या ताडपत्रीचा ट्रक उभा होता आणि चाकाला टेकून पुंजाराम शेंगा खात होता. एकही पोतं हललेलं नव्हतं. साहेबरावांनी ताडपत्री उचलून पोत्यांवर हात फिरवला आणि मग तिथंच, रस्त्याच्या कडेला, मटकन बसले.

“भाऊ, मघा तुम्हाला सलाम केल्ता,” पुंजाराम म्हणाला. “तुम्ही सळयावाल्याशी भांडून राह्यले होते, म्हणून थांबलो न्हाई. कागद आणले का?”

त्या दिवशी शहागडला दुसऱ्या लॉटची पोती गेली, नंदाबाईंनी दोनदा पाहिलेली. एकशे चौदा नंबर परत आला. संध्याकाळी पोती उतरवताना साहेबराव म्हणाले, “फोनवर आठाचे साठ होत होते. ह्या सांगाव्यानं तर नकाराचा होकार केला. ठेवायचा का काढून टाकायचा?”

काढून टाका म्हणायला बेबीनंदाची जीभ वळेना, आणि ठेवा म्हणायला तोंड नव्हतं.

रामकिसन काका पोती मोजत होते. मोजता मोजताच त्यांनी विचारलं, “ताई, सांगावा तुकड्यांनी येतो म्हणता. मंग पुरा आला का न्हाई, हे त्याला कसं कळतं?”

“न्हाई कळत, काका. तीच तर खोट हाय.”

“मंग आधीच का लिहीत न्हाई, किती हाय ते?” काका थांबले. “हे पाहा. माल येतो तेव्हा आधी पावती येते. पावतीवर ऐंशी लिहिलं की मी ऐंशी मोजतो. एका गाडीत येवो, तीन गाड्यांत येवो. ऐंशी पुरी झाल्याबिगर मी सही करत न्हाई. अन् एक्क्याऐंशीवं आलं तर ते दुसऱ्या पावतीचं.”

बेबीनंदा उठली ती थेट कॉम्प्युटरकडे गेली.

पुढचे चार दिवस तिनं दुसरं काही केलं नाही. आता प्रत्येक सांगाव्याच्या पुढं त्याच्या लांबीचा आकडा जाऊ लागला. तो आकडा कोणत्या टोकाकडून वाचायचा हेही तिनं एकदाचं ठरवून टाकलं, कारण उद्या येणारा एखादा कॉम्प्युटर उलटा वाचणारा निघाला तर! ‘ऐक’ आता पुरा माल येईपर्यंत तुकडे जमवत बसायचं. शुक्रवारी साहेबरावांनी तिला दीड पान सांगितलं. बदनापूरचा पडदा बराच वेळ कोरा राहिला, आणि मग नमस्कारापासून शेवटच्या टिंबापर्यंत सगळं एकदम उमटलं. सांगावा काढून टाकायचा विषय साहेबरावांनी पुन्हा काढला नाही.

प्रोग्रामच्या फाइलीत अगदी वर तिनं लिहिलं होतं, ‘रचना: बेबीनंदा तातेराव खरात’. त्याखाली, ‘मोजून घेण्याची युक्ती: रामकिसन काका, बदनापूर’. तिनं त्या पानाची प्रिंट काढून काकांना दिली. त्यांनी ती नीट वाचली.

“हे कॉम्प्युटर वाचतो?”

“न्हाई. तो ह्या ओळी सोडून पुढं जातो. ह्या फक्त माणसांसाठी असतात.”

“मंग बराबर हाय,” काका म्हणाले आणि त्यांनी पान घडी न घालता पुठ्ठ्यात ठेवलं.

आठ दिवसांनी पुंजाराम ऑफिसात आला. कागद न्यायला आला होता, पण कागद घेऊनही जागचा हलेना. डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली.

“ताई, रामकिसननं पान दाखवलं. चांगलं हाय.” तो घुटमळला. “पण नाक्यावर अडीच तास थांबलं कोण?”

बेबीनंदा हसली नाही. हसू आलं होतं, पण तिनं ते आवरलं आणि त्याच्यासमोरच फाइल उघडून तिसरी ओळ घातली.

महिनाभरानं मंठ्याच्या डेपोत नवा कॉम्प्युटर आला. त्यावरचं विंडोज आणखी नव्या तऱ्हेचं निघालं. बेबीनंदानं फ्लॉपी घातली, श्वास धरून बटण दाबलं आणि साहेबराव तिच्या खांद्यामागून वाकून पाहू लागले. सांगावा एकही तक्रार न करता चालू झाला, तिन्ही नावांसकट.