पंपाचा खटका सावकाश ओढावा

पद्मजाबाईंनी एकतीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं. सोसायटीतली निम्मी पोरं त्यांच्या हाताखालून दहावी झाली होती. त्यामुळे पंपाच्या खोलीवर नवऱ्याने डकवलेली सूचना वाचून त्यांचं डोकंच फिरलं. 'खटका झटक्याने बंद केल्यास ठिणगी उडते. तरी सभासदांनी तो अत्यंत सावकाश ओढावा. हुकमावरून, सचिव.'

सचिव म्हणजे श्रीधरपंत. बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांना बँक सोडून सगळ्यातलं कळू लागलं होतं.

"अहो, हे उलटं आहे," पद्मजाबाई म्हणाल्या. "मोटरीत तारेची वेटोळी असतात. त्यांतला प्रवाह एकदम थांबायला तयार नसतो, खटका ओढून आतल्या तांब्याच्या पट्ट्या अलग केल्या की मधल्या फटीतून उडी मारतो. फट पटकन मोठी केलीत तर ठिणगी विझेल. सावकाश ओढलात तर ती तिथेच जळत राहील आणि तांबं वितळवेल."

"हे पुस्तकात ठीक आहे," श्रीधरपंत पेपरातून मान न काढता म्हणाले. "गाडीचा ब्रेक आपण हळू दाबतो की नाही?"

झालं. पंप बंद करायचा जुना लोखंडी खटका सगळी इमारत तान्ह्या बाळाला पाळण्यात ठेवावं तसा ओढू लागली. दुसऱ्या मजल्यावरची चैताली एकदा घाबरून म्हणाली, "काका, आत निळा लाइट येतोय. वेल्डिंग चाललंय असं वाटतं."

"शिस्त म्हणतात याला," सचिवांनी तिला गप्प केलं.

आठवडाभराने, रविवारी सकाळी, गच्चीवरची टाकी भरली आणि खटका हलेचना. श्रीधरपंतांनी नियमाप्रमाणे सावकाश ओढला, मग नियम सोडून ओढला. मूठ हातात आली. पंप चालूच. गच्चीवरून पाणी धो धो जिन्यात उतरू लागलं, तेव्हा त्यांनी धावत जाऊन मुख्य बटणच पाडलं. पंप थांबला. लिफ्टही थांबली. लिफ्टमध्ये भाजीची पिशवी घेतलेल्या गोदाबाई होत्या.

आता गोदाबाईंना खाली आणायचं तर वीज हवी, आणि वीज दिली की पंप सुरू. शेवटी वीज दिली. गोदाबाई खाली आल्या त्या घोटाभर पाण्यात, आणि त्यांनी सचिवांच्या सात पिढ्यांची चौकशी केली. खालची टाकी तोवर रिकामी झाली होती, आणि वरची जिना धुण्यात दुपारपर्यंत संपली. इमारतीत प्यायलाही थेंब उरला नाही.

लोणी काळभोरहून रंगराव वायरमन आला. मुख्य बटण पाडून त्याने खटक्याची पेटी उघडली. खोलीबाहेर पार्किंगमध्ये रिकाम्या बादल्या घेऊन सगळे सभासद उभेच होते.

"तांबं एकमेकाला चिकटून बसलंय. हळू ओढायला कुणी सांगितलं हाय?"

सगळे श्रीधरपंतांकडे बघू लागले. श्रीधरपंतांनी एकदा छताकडे, एकदा बायकोकडे पाहिलं.

"आमच्या हिनेच," ते म्हणाले. "भौतिकशास्त्राची शिक्षिका ना! म्हटलं, तिचं ऐकावं."

"बाई, तुम्ही?" अध्यक्ष अनिरुद्ध म्हणाला. तो त्यांचाच विद्यार्थी. त्याचा चेहरा पडला.

पद्मजाबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. एकतीस वर्षांची अब्रू हा माणूस आपली कातडी वाचवायला गटारात सोडत होता. पण आपण नाही म्हटलं तरी नवरा-बायकोचं भांडण म्हणून लोक सोडून देतील, हेही त्यांना कळत होतं.

रंगरावाने पक्कड खाली ठेवली.

"सायेब, पंधरा वर्सं येतोय मी हितं. वहिनी बोलाया लागल्या की तुमी उठून पंपाच्या खोलीत जाऊन बसता. चहा तितंच मागवता. ऐकलं कवा म्हनं तुमी त्यांचं?"

आधी गोदाबाई हसल्या. मग अनिरुद्ध. मग बादल्या खाली ठेवून सगळेच.

"आता सांगते," पद्मजाबाई पुढे आल्या. "सगळ्यांसमोर, पहिल्यापासून सांगते."

श्रीधरपंत सवयीने पंपाच्या खोलीकडे वळले. पण दारात रंगराव मांडी घालून बसला होता.