आण्णांच्या दारावरची चुंबळ

आमचे शेजारी आण्णा दुधवाल्याशी बोलले, की त्यांनी आज किती दूध घेतलं ते शिवाजी पेठेतल्या निम्म्या घरांना कळतं. कबनूरला पस्तीस वर्षं ते यंत्रमागांची दुरुस्ती करणारे जॉबर होते. मागांच्या खडखडाटात ओरडल्याशिवाय काही पोचत नाही. ती सवय त्यांनी घरी आणली, कान तिकडेच राहिले. पण तसं त्यांना सांगायची सोय नाही.

"मला ऐकू येतंय की. लोकंच हळू बोलाय लागल्यात. खाणं कमी झालंय सगळ्यांचं."

मुलीनं, सुनंदानं, कानाचं मशीन आणून दिलं. ते डबीसकट देवघरात आहे. रोज त्याला एक फूल मिळतं.

गेल्या महिन्यात सुनंदा मलकापूरहून आली. मी बाहेर गेले होते. तिनं पाऊण तास बेल वाजवली, फोन केला, आणि तांदळाची पिशवी कडीला अडकवून परतीची एसटी धरली. आण्णा आत टीव्ही बघत होते. संध्याकाळी पिशवी दिसली तेव्हा त्यांनी सुनंदाला फोन लावला. पलीकडून ती काय म्हणाली कोण जाणे, पण आण्णांनी उठून टीव्ही बंद केला.

दुसऱ्या दिवशी ते उंबऱ्यावर बसले. जाड तारेचं गोल कडं वळवलं आणि कबनूरहून मागवलेल्या कापडाच्या पट्ट्या त्यावर गाठी मारून बांधायला घेतल्या. लाल, पिवळ्या, मोरपंखी.

"दाराला शोभा," म्हणाले.

मीही एक पट्टी बांधली. त्यांनी ती लगेच सोडली. "वैनी, ही पोत्याची गाठ झाली. मागावर असतासा तर दुपारलाच घरी धाडलं असतं." स्वतःची प्रत्येक गाठ मात्र ते दोन्ही हातांनी हिसकून बघायचे. शोभेच्या वस्तूला एवढे हिसके कशाला, ते मला कळेना.

चार दिवसांनी कडं दारावर लागलं. दिसायला झकास, पण पाटीखाली डोक्यावर ठेवतात ती चुंबळच आहे, यावर गल्लीचं एकमत झालं.

भाजीवाल्या हौसाबाईंनी तर ते मनावरच घेतलं. त्यांची चुंबळ नळाखाली भिजली होती. त्यांनी सरळ दारावरची ओढली. सुटेना. भिंतीला पाय लावून पुन्हा ओढली. तोच दार उघडलं आणि आण्णा हसत बाहेर आले.

"सुनंदा..." म्हणाले, आणि थांबले.

"चुंबळ घ्याय आल्ती," हौसाबाई म्हणाल्या. "लई घट्ट बांधलीया."

"चुंबळ न्हाय ती, बेल हाय. वाजिवलासा न्हवं, आता च्या घेऊन जावा."

चहाला मीही गेले. कड्यामागून एक सुतळी दारावरच्या झडपेतून आत आली होती. तिच्या टोकाला चिंध्यांची बाहुली, बरोबर टीव्हीसमोर टांगलेली. बाहेर कडं ओढलं की आत बाहुली उडी मारते. कानाला कामच नाही.

सुनंदाला मी कळवलं : बेल वाजवू नकोस, कडं ओढ. रविवारी येते म्हणाली.

कामाशिवाय मी कुणाच्या दारात जात नाही. पण हल्ली मंडईतून येताना एकदा कडं ओढते. दार लगेच उघडतं.

"बघा," आण्णा गल्लीभर सांगतात, "आलं का न्हाय ऐकू?"

आलं, म्हणते मी.