दोन वाजता कुणी येत नाही

"अध्यक्षसाहेब, यंदा निकालाची वेबसाईट अडकली, तर भीमाशंकर म्हणून नाव सांगणार नाही!"

भीमाशंकर सरांनी फोनवर असं ठणकावलं आणि समोर बसलेल्या, वेबसाईट सांभाळणाऱ्या हेमावतीनं कपाळाला हात लावला. नाव सरांचं जाणार होतं, नोकरी मात्र तिची! मागच्या वर्षी, म्हणजे २०१०ला, वेबसाईट ऐन वेळी अडेल म्हशीसारखी बसली होती. 'यंदा चालली तर हेमावती कायम, नाहीतर घरी,' असं शिक्षणसंस्थेच्या अध्यक्षांनी बजावलं होतं.

निवृत्तीनंतर सर चिटगुप्पा गावात संस्थेचं संगणक केंद्र सांभाळत. त्यांना शिकवायला कुणीही चालायचं. आज केर काढणारी लिंगम्मा सापडली.

"हे बघ, सर्व्हर तीनच. पण त्यांच्या पोटात सहा शाळांची सहा आभासी यंत्रं. तीन वर्गांत सहा पोरं, असं समज. एका वर्गात गर्दी झाली, की पोराला दप्तरासकट शेजारी बसवतो न्हाई का आपण? हेमाचा प्रोग्राम तेच करतो. तेही गर्दी व्हायच्या आधी! चार महिने रोजची वर्दळ बघून अंदाज बांधायला शिकलाय तो. काम नसंल, तर सगळ्यांना एकाच वर्गात बसवतो आणि बाकीच्या वर्गांना कुलूप. विजेची बचत!"

"लई गुणाचं लेकरू हाय की!" लिंगम्मा म्हणाली.

निकाल दुपारी दोनला लागणार होता. सरांनी वीज कार्यालयात स्वतः जाऊन, हात जोडून, 'आजच्या दिवस लाईट घालवू नका' असं कबूल करून घेतलं होतं.

दोनला पाच मिनिटं कमी असताना प्रोग्रामनं सहाच्या सहा यंत्रं उचलली, सगळ्यांत लहान सर्व्हरवर कोंबली आणि दोन मोठे सर्व्हर झोपवले!

"सर!" हेमावती किंचाळली. "प्रोग्राम म्हणायलाय, दोन वाजता कुणी येत नाही!"

"कामून? सगळा तालुका दोनचीच वाट बघायलाय!"

दोन वाजले, तसा फोन वाजला. "मास्तर, कमठाण्याच्या शाळेतून बोलायलोय. ते नुसतं गोल गोल फिरायलंय की हो!"

"अक्का," लिंगम्मा शांतपणे म्हणाली, "दोनला रोज लाईट जाती की. मी तवाच फरशी पुसते. समदी यंत्रं मेल्यावानी पडतेत. कोण येणार?"

हेमावतीनं रडकुंडीला येऊन जुन्या नोंदी उघडल्या. चार महिने दोन ते चार लाईट नव्हती. प्रोग्रामला वाटलं, या वेळेला लोकांना कामच नसतं!

"रडू नको," सर म्हणाले. "त्याची चूक न्हाई, तुझी एकटीचीही न्हाई. आपण जे दाखवलं, ते पोरगं शिकलं. किती वेळ लागंल?"

"तुंबलेलं मोकळं करून, मोठे उठवून, परत वाटणी... तासभर तरी!"

सरांनी निकालाच्या छापील याद्या ओढल्या आणि फोन उचलला. "हां, कमठाणा! पोरांना जवळ बोलवा. तुळजा, पास! बहात्तर टक्के! ओरडू नका रे, पुढचं ऐका!"

मास्तर फोनवर निकाल सांगायलेत, ही बातमी वाऱ्यासारखी पसरली. कोहिनूर गावाहून एक बाप म्हणाला, "आमच्या महांतेशचं गणित?"

"पस्तीस."

"नीट बघा की!"

"नीट बघितलं तर तेहतीस दिसतील. पस्तीसच राहू द्या!"

सव्वातीनला हेमावती ओरडली, "सर, चालू झालं!" वेबसाईट लोण्यासारखी चालत होती. का नाही चालणार? बघायला चिटपाखरूही नव्हतं. दोनशे पोरांचे निकाल सरांनी तोंडी सांगून टाकले होते!

आणि वेबसाईटवर एक माणूस आला. अध्यक्ष! जेवण करून, एक झोप काढून त्यांनी वेबसाईट उघडली होती.

"सर, कमाल केली पोरीनं!" फोनवर ते गरजले. "बटण दाबायच्या आत निकाल! एवढ्या गर्दीत हा वेग? हेमावती आजपासून कायम! पुढच्या वर्षी जिल्ह्यातल्या पन्नास शाळा तुमच्याकडंच देतो. चालेल ना?"

सरांना सगळं खरंखरं सांगायचं होतं. त्यांनी तोंड उघडलं. पण दोनशे निकालांनंतर घशातून नुसती हवा आली.

"राहू द्या, राहू द्या," अध्यक्ष मायेनं म्हणाले, "गळा दाटून आला तुमचा. कळलं मला!" आणि त्यांनी फोन ठेवला.