लिस्बन ते वॉर्सा, सतरा तास

"मास्तर, लिस्बनथीन वॉर्सा, इमानमा कितला तास?"

ब्राह्मणपुरीच्या शाळेत हजर होऊन मला पुरता एक दिवसही झाला नव्हता. राज्य इंग्रजांचं होतं, अख्ख्या तालुक्यात कुणी विमान जवळून पाहिलेलं नव्हतं, आणि शेजारचे झुलालआप्पा माझ्या ओसरीवर बसून हे विचारत होते.

"सतरा," आप्पा समाधानाने म्हणाले. "तेल भरनं, चहापानी, वीस धरा."

शाळेने रद्दीत काढलेलं नकाशांचं जाड पुस्तक आप्पांनी मागून नेलं होतं. वाळवीने त्यातला हिंदुस्थान, चीन आणि सगळी अमेरिका फस्त केली होती. शाबूत होता तो एकटा युरोप. त्यामुळे आप्पांचाही नाइलाजच होता. विमान तासाला शंभर मैल जातं, असं कुणीतरी त्यांना वर्तमानपत्रातून वाचून दाखवलेलं. मग काय, नकाशावर दोरा ताणायचा, मैल काढायचे आणि शंभराने भागायचं.

एकदा खांडबाऱ्याहून पाहुणे आले. बैलगाडीने अंग आंबलेलं. "दीड दिवस लागला, आप्पा," म्हणून कण्हू लागले.

"दीड दिवस?" आप्पा कडाडले. "तितल्यामा मानूस लिस्बनथीन वॉर्साले जाईसन परत येस! सरळ जास ते. ना नाला, ना चढ!"

पाणी मागितलं होतं, तेही पाहुणे विसरले.

शाळा तपासायला साहेब आले, तर आप्पा खिडकीत उभे. साहेबांनाही तोच प्रश्न. साहेबांनी घाम पुसत "चौकशी करून कळवतो" म्हटलं. पुढे वर्षभर आप्पा मला विचारत, "साहेबनं उत्तर उनं का?"

मला हा रिकामपणचा छंद वाटायचा. पण आषाढ आला.

आप्पांची एकुलती एक लेक, वेणू, तापीपलीकडे दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, म्हणून आप्पा गाडी जुंपून तिला आणायला निघाले, आणि त्याच दिवशी तापीला पूर आला. नाव बंद. चार दिवस काठावर बसून ते रिकामी गाडी घेऊन परतले. वेणू सासरीच बाळंत झाली. मुलगा झाला.

"मन्ही आंडेर, मन्ही वेणू, सरळ पाच कोसवर शे, मास्तर," आप्पा म्हणाले. "नकाशामा एक ठिपकाबी नही पडस."

त्यांच्या सांगण्यावरून मी लेकीला कार्ड लिहिलं: सव्वा महिना झाला की पहिल्या सोमवारी दुपारी बाळाला घेऊन तुमच्या बाजूच्या घाटावर ये. ते कार्ड कुठून कुठून वळसा घेत नवव्या दिवशी पोचलं.

त्या सोमवारी मीही गेलो. पाणी अजून तांबडं, फुगलेलं; नाव बंदच. पलीकडे मुंगीएवढी माणसं. त्यातल्या एका हिरव्या लुगड्याने काहीतरी उंच धरलं.

आप्पांनी पागोटं सोडलं आणि ते लांबलचक तांबडं कापड दोन्ही हातांनी हलवत राहिले. हात भरून आले तरी थांबेनात. मग एकदम थबकले, कानामागे पंजा धरला.

"बाळ रडी ऱ्हायनं," ते हळूच म्हणाले. "ऐकू येस ना तुमले?"

मला पुराच्या घोंघावण्याखेरीज काही म्हणता काही ऐकू येत नव्हतं.

"येतंय, आप्पा," मी म्हणालो. "चांगलं खणखणीत आहे."