शकुनाचा मासा

एका जंगलात, बाळांनो, एक तळं होतं, आणि तळ्याकाठच्या करंजाच्या फांदीवर एक लग्नाळू खंड्या बसलेला असे. त्याचं नाव दिगंबर. आई त्याला दिगू म्हणायची, म्हणून सगळं जंगलच त्याला दिगू म्हणायचं.

खंड्या पाहिलाय ना तुम्ही? निळी पाठ, तांबूस पोट आणि अंगाच्या मानानं भलीमोठी चोच. पाण्यावर नजर लावून बसतो, सूर मारतो आणि मासा घेऊन वर येतो. दिगू या कामात पटाईत होता. अभ्यासात कच्चा होता, पण खंड्यांमध्ये ते कुणी विचारत नाही.

खंड्यांच्या लग्नात पत्रिका नसते, मानपान नसतात, बँडबाजा तर नसतोच. एकच रीत असते. नवऱ्या मुलानं वडीलधाऱ्यांसमोर मासा आणायचा आणि नवऱ्या मुलीच्या चोचीत द्यायचा. त्याला म्हणतात शकुनाचा मासा. तो द्यायचाही डोक्याकडून, म्हणजे गिळताना खवले घशाला लागत नाहीत. शेपटीकडून दिला तर मुलगी उठून जाते. ज्याला मासा धड देता येत नाही, तो पुढे संसार काय करणार!

दिगूचं लग्न पलीकडच्या काठावरच्या तात्या पल्याडकरांच्या कुमुदशी ठरलं होतं. दिगूनं कुमुदला पाहिलं होतं आणि त्या दिवशी तो जेवायला विसरला होता. कुमुदनंही दिगूला पाहिलं होतं आणि पाहिलंच नाही असं दाखवलं होतं. म्हणजे दोन्हीकडून पसंती होती.

आता गंमत ऐका.

तळ्याच्या वर एक डोंगर होता. डोंगरावर झाडी होती. पाऊस आला की आधी पानांवर पडायचा, मग पालापाचोळ्यात मुरायचा आणि मग सवडीनं, गाळून, तळ्यात उतरायचा. त्यामुळे तळ्याचा तळ वरून दिसे. तळातला मासा दिसे. माशाला वर बसलेला दिगू दिसे, पण तोवर उशीर झालेला असे.

जंगलाचे सरपंच होते रावसाहेब रानडुक्कर. त्यांना रताळी फार आवडत. एके वर्षी त्यांनी ठरवलं की डोंगर उगीच पडून आहे.

"पडून कुठे आहे, रावसाहेब? झाडं आहेत की त्यावर," कुणीतरी म्हणालं.

"तेच म्हणतोय मी," रावसाहेब म्हणाले.

झाडं गेली. रावसाहेबांच्या भाच्यांनी नाकानं सगळा उतार उकरला आणि रताळ्यांचे वेल लावले. खताचे ढीगच्या ढीग टाकले. रताळी झकास आली. सगळ्यांच्या घरी वानवळा गेला, त्यामुळे कुणाला काही वावगं वाटलं नाही.

पावसाचंही त्या काळात डोकं फिरलं होतं. पूर्वी तो रिमझिम करत महिनोन् महिने मुक्काम ठोकायचा. आता आठवडेच्या आठवडे तोंड दाखवायचा नाही आणि मग सगळा एका दुपारी कोसळायचा. तसा तो कोसळला. मोकळ्या उतारावरची माती आणि मातीतलं खत, दोन्ही घेऊन तो तळ्यात आला. तळं लालभडक झालं. मग ऊन पडलं. तेही हल्ली जरा जास्तच पडे. ऊन आणि खत एकदम मिळाल्यावर शेवाळानं जे बाळसं धरलं, ते विचारू नका. लाल तळं हिरवं झालं, आणि मासे वर येऊन तोंडं उघडून श्वास घेऊ लागले.

रावसाहेबांनी ताबडतोब कारवाई केली. त्यांनी पावसाला नोटीस काढली. पाऊस हजर राहिला नाही. पुढे आला तेव्हा नोटीस वाहून गेली.

अशातच शकुनाच्या माशाचा दिवस उजाडला.

दोन्हीकडची मंडळी करंजावर जमली. कुमुद मान खाली घालून बसली होती आणि मधूनच वर बघत होती. दिगूनं पाण्याकडे पाहिलं. खाली हिरवट वरणासारखं काहीतरी होतं. त्यात काहीतरी हललं. दिगूनं देवाचं नाव घेतलं आणि सूर मारला.

वर आला तेव्हा त्याच्या चोचीत कुजकं पान होतं.

कुमुदच्या आत्यानं डोळ्यांना पदर लावला. तात्यांची पिसं रागानं फुगली.

"विहीणबाई," ते दिगूच्या आईला म्हणाले, "मुलाची नजर अधू आहे, हे तुम्ही आमच्यापासून लपवलंत!"

"अहो, नजर कसली अधू! पाणी बघा ना जरा!"

"पाण्याशी आम्हाला सोयरीक करायची नाही. मुलाशी करायचीय. पौर्णिमेपर्यंत थांबतो. तोवर मासा आणला तर ठीक. नाहीतर ओढ्याखालच्यांचं स्थळ आलेलंच आहे."

जाताना कुमुदनं मात्र मागे वळून दिगूकडे पाहिलं.

आई त्याला डॉक्टर घुबडांकडे घेऊन गेली. घुबडांचे डोळे जंगलात सगळ्यांत मोठे, त्यामुळे डोळ्यांतलं त्यांनाच कळतं असा सर्वांचा विश्वास होता. दिवसा त्यांना स्वतःला काही दिसत नसे. पण दवाखाना दिवसाच उघडा असे, कारण पेशंट दिवसाच येत.

"समोर काय दिसतं?" डॉक्टरांनी दिगूला विचारलं.

"गढूळ पाणी."

"कधीपासून?"

"डोंगर उकरल्यापासून."

"डोंगराचं सोडा. डोंगर माझा विषय नाही. पूर्वी स्वच्छ दिसायचं आणि आता गढूळ दिसतं. याचा अर्थ डोळ्यांत गढूळपणा आलाय. तरुणांत वाढलंय हल्ली."

आणि त्यांनी ढोलीतून एक चष्मा काढला. चौकट वेताची होती. काचांच्या जागी शिंपल्याच्या पातळ चकत्या होत्या, गोकर्णाच्या फुलांच्या रसात बुडवून निळ्या केलेल्या.

दिगूनं चष्मा घातला. तळं निळंशार दिसलं. त्याला इतका आनंद झाला की त्यानं तिथूनच सूर मारला, आणि आणखी एक कुजकं पान घेऊन आला. फक्त हे पान निळं दिसत होतं.

"सवय व्हायला वेळ लागतो," डॉक्टर म्हणाले.

चष्म्याची बातमी रावसाहेबांच्या कानावर गेली. त्यांना ती फारच आवडली. तळ्याचं पाणी पिऊन हरणांची पोटं बिघडली होती आणि ती तक्रार घेऊन दारात उभी होती. रावसाहेबांनी त्यांनाही चष्मे दिले.

"पण साहेब, दुखतंय पोट," हरणं म्हणाली.

"स्वच्छ दिसलेलं पाणी पचायला हलकं असतं," डॉक्टर म्हणाले.

हरणं शिकलेली होती. त्यांना ते पटलं.

इकडे पौर्णिमा जवळ आली. दिगू वाळून काडी झाला होता. चष्मा लावून त्यानं पानं आणली, काटक्या आणल्या, एकदा तर चिडलेला बेडूक आणला. मासा काही मिळेना. शेवटी आई म्हणाली, "दिगू, वर मामाकडे जा. माझ्या माहेरच्या ओढ्यावर. चार घास खाऊन ये, म्हणजे डोकं चालेल. आणि चष्मा न्यायला विसरू नकोस. डॉक्टरांना वाईट वाटेल."

मामाचा ओढा डोंगराच्या मागच्या दरीत होता. रावसाहेबांची रताळी तिथवर पोचली नव्हती. दोन्ही काठांना वेताची दाट जाळी होती, वर जांभळीची सावली होती आणि खाली पाणी वाहत होतं.

दिगू फांदीवर टेकला. चष्मा त्यानं मानेत अडकवला होता. त्यानं सहज खाली पाहिलं, आणि बघतच राहिला. तळातला एक-एक गोटा दिसत होता. गोट्याआडचा मासा दिसत होता. माशाच्या पाठीवरचा ठिपका दिसत होता!

त्यानं सूर मारला आणि मासा घेऊन वर आला. पुन्हा मारला, पुन्हा आणला. तो हसायला लागला, आणि हसता हसता त्याला रडू आलं.

"मामा! माझे डोळे चांगले आहेत!"

"तुझ्या डोळ्याला काय धाड भरलीया?" मामा म्हणाला. "आमच्या घराण्यात कुणाचं डोळं गेलं न्हाईत. पानी घाण आसंल तिकडं. ह्यो मासा घे आन् पळ. आजच पुनव हाय. मी बी येतो लग्नाला."

सगळ्यात देखणा, लांबसडक मासा दिगूनं चोचीत धरला. डोकं पुढे, शेपटी घशाकडे. नवरीला द्यायचा मासा असाच धरतात. निघताना चष्मा मानेवरून घसरायला लागला, म्हणून त्यानं तो पायानं डोळ्यांवर चढवला. वाटभर तो मनात म्हणत होता, 'आता सगळ्यांना सांगतो. दोष डोळ्यांत नाही, पाण्यात आहे. झाडं परत लावा. मग बघा!' असं भाषणच त्यानं तयार केलं.

करंजावर मंडळी वाट बघत होती. रावसाहेब अध्यक्ष म्हणून आले होते. डॉक्टर घुबड पेंगत होते.

"आला! मासा घेऊन आला!" कुमुदची आत्या ओरडली.

"आणि चष्मा लावून आला!" रावसाहेब त्याहून मोठ्यानं ओरडले.

डॉक्टर दचकून जागे झाले. "मी म्हटलं नव्हतं, सवय व्हायला वेळ लागतो?"

टाळ्या पडल्या. दिगूनं जोरजोरात मान हलवली. 'नाही, नाही, असं नाही ते!' त्याला म्हणायचं होतं. पण चोचीत मासा होता. बोलायचं तर चोच उघडावी लागणार. चोच उघडली तर मासा पाण्यात, आणि कुमुद ओढ्याखालच्यांकडे. दिगूनं कुमुदकडे पाहिलं. तिनं चोच उघडून पुढे केली होती.

बाळांनो, तुम्ही काय केलं असतं, ते मला सांगू नका.

दिगूनं मासा दिला. डोक्याकडून दिला. कुमुदनं तो अलगद गिळला आणि लाजली. लग्न लागलं.

आता चोच मोकळी होती. पण लगेच आत्या ओवाळायला आली. मग तात्यांनी मिठी मारली आणि म्हणाले, "जावईबापू, आम्ही उगाच संशय घेतला!" मग रावसाहेब म्हणाले, "नवरदेवांनी दोन शब्द बोलावेत."

दिगू उभा राहिला. समोर सासरे होते, सरपंच होते, डॉक्टर होते. सगळे इतके खूश होते की आता तळ्याचा विषय काढणं फारच वाईट दिसेल असं त्याला वाटलं. लग्नात कटकट कशाला? नंतर सांगू.

"डॉक्टरसाहेबांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही," तो म्हणाला.

मागच्या फांदीवर मामा बसला होता. त्यानं दिगूकडे पाहिलं. दिगूनं दुसरीकडे पाहिलं.

त्यानंतर चष्म्याला अशी मागणी आली की विचारता सोय नाही. दिगूला गुण आला म्हटल्यावर कोण मागे राहणार! कासवांनी घेतले, बगळ्यांनी घेतले. सशांनी तर मुलांसाठी वाढत्या मापाचे घेतले. एवढ्या चौकटींना वेत लागतो, आणि वेत होता मागच्या दरीत, ओढ्याकाठी. रावसाहेबांचे भाचे तिकडे गेले. वेत मुळासकट निघाला. जांभळी आड येत होती, तीही निघाली. मोकळी जागा उगीच पडून राहू नये म्हणून तिथे रताळी लावली.

दिगूचा संसार मात्र सुखाचा चालला होता. काठाच्या मातीत त्यानं बीळ कोरलं होतं. आत कुमुद अंडी उबवत होती. दिगू सकाळी गुपचूप मामाच्या ओढ्यावर जाई आणि मासा घेऊन परत येई. येताना बिळाच्या अलीकडे थांबून चष्मा लावी.

मग एका दुपारी पुन्हा सगळा पाऊस कोसळला.

दुसऱ्या दिवशी दिगू निघायच्या आतच मामा करंजावर येऊन टेकला. भिजलेला होता. थकलेला होता. दिगूनं त्याला असं कधी पाहिलं नव्हतं.

"दिगू," मामा हळूच म्हणाला, "मला बी येक चष्मा बघ रं."

"तुला कशाला मामा?"

"पानीच दिसंना झालंय. समदं लाल दिसतंय. मासा कुठला न् गोटा कुठला, कायबी उमगंना." तो कसनुसा हसला. "तुझा गुण पाहिला ना लग्नात. तवा मला वाटलं, पोरगं पानी वंगाळ हाय म्हनंल. तू डाक्तरचं नाव घेतलंस. म्हंजी माझंच चुकलं आसंल. वय झालं माझं."

दिगूला भयंकर लाज वाटली. मामाच्या पायावर डोकं आपटावं असं वाटलं. चोचीत या वेळी काही नव्हतं. सासरे जवळपास नव्हते, सरपंच नव्हते. सांगायचं असतं, तर सांगता आलं असतं.

"हो मामा," तो म्हणाला. "वयच झालं."

आणि त्यानं आपला चष्मा काढून मामाच्या चोचीवर बसवला. मामानं तळ्याकडे पाहिलं. "वा! निळंशार रं!" तो म्हणाला, आणि लहान मुलासारखा खूश झाला.

बिळातून कुमुदचा आवाज आला, "अहो, पिल्लं बाहेर आलीत! मासा आणताय ना?"

तात्पर्य: बाळांनो, पाणी गढूळ दिसलं की तडक डोळे तपासून घ्यावेत, पाणी तपासू नये, त्यात सरपंचांची रताळी निघतात. आणि चोचीत मासा असेपर्यंत खरं कधी बोलू नये. मासा पोटात गेल्यावर तशी गरजच पडत नाही.