टपालपेटी आणि नवे हेडलाइट

मास्तरांना गाडी फाटकाशी लावायची होती, ती त्यांनी फाटकालाच लावली. आवाज तसा फार झाला नाही, पण जेवायला आलेल्या चिरंजीवांनी तो नेमका ऐकला.

"बाबा, एवढं मोठं फाटक दिसलं नाही?"

"हेडलाइट मंद झालेत रे. काचा पिवळ्या पडल्यात बघ."

"डोळे तपासा आधी."

"नवाकोरा चष्मा आहे माझा! त्याला काय धाड भरलीय?"

"ते काही नाही. पुढच्या रविवारी येतो. तोवर सुधारणा दिसली नाही, तर किल्ली घेऊन जाणार."

सगळी नोकरी मास्तरांनी शाळेत चित्रकला शिकवण्यात घालवली आणि त्या भरात बायकोला कधी कुठे नेलं नाही. आता रोज दिवेलागणीला तिला शेजारी बसवून नदीच्या पुलापर्यंत जाऊन यायचं, हे त्यांचं एकुलतं एक सुख होतं. किल्ली गेली की तेही गेलं.

म्हणजे हेडलाइट बदलणं आलं. आणि बदलायचे म्हणजे निवडायचे! मास्तर खोडरबर घ्यायला गेले तरी दुकानदार खुर्ची पुढे करायचा. म्हणून मास्तरीणबाईंनी लग्नाच्या पहिल्याच वर्षी नियम केला होता, की एक वस्तू पसंत पडली की तशाच दोन घ्यायच्या, पुन्हा डोक्याला ताप नको. घरात दोघांच्या छत्र्या सारख्या, सपाता सारख्या, स्वेटर सारखे. गेल्या महिन्यात केलेल्या चष्म्यांच्या फ्रेमसुद्धा सारख्याच.

गॅरेजच्या मिस्त्रीने आधी काचा घासून लख्ख केल्या. त्या संध्याकाळी मास्तर मुंगीच्या पावलांनी निघाले. "अगं, पुढे वळण आहे का?" त्यांनी विचारलं. आजवर त्यांनी बायकोला रस्ता म्हणून विचारला नव्हता. मास्तरीणबाई सावरून ताठ बसल्या.

"आहे, डावीकडे. थांबा, थांबा! तो लाल शर्टवाला रस्ता ओलांडतोय."

मास्तर थांबले. लाल शर्टवाला काही हलेना. बऱ्याच वेळाने मास्तरीणबाईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढून पाहिलं.

"अहो, टपालपेटी आहे."

"बघ! म्हणजे तुलाही दिसत नाही. दोष दिव्यांचाच!"

मास्तरीणबाईंना ते पटलं. त्यांनाही हल्ली सुईत दोरा ओवता येत नव्हता आणि स्वयंपाकघरातला बल्ब तर त्यांनी दोनदा बदलून घेतला होता.

मग मिस्त्रीने हेडलाइटमध्ये जास्त उजेडाचे बल्ब घातले. त्याने मास्तरांना काडीचा फरक पडला नाही, इतरांना मात्र पडला. समोरून येणारे काच खाली करून मास्तरांचा उद्धार करू लागले. शेजारचे वकील पायजम्यावर बाहेर आले आणि म्हणाले, "मास्तर, आमच्या बेडरूममध्ये सूर्य उगवलाय!" फाटकाला दुसरा पोचा आला.

शेवटी रविवार उजाडला. चिरंजीवांनी दुसरा पोचा पाहून किल्ली खिशात टाकली. तरी हेडलाइटची अख्खी जोडीच बदलायचं ठरलं आणि चिरंजीवांसकट सगळे गॅरेजमध्ये जमले. पांढऱ्या उजेडाचे घ्यावेत तर धुक्यात कसे, पिवळसर घ्यावेत तर जुन्यांसारखेच दिसायचे, या घोळात मास्तरांनी मिस्त्रीचे दोन चहा थंड केले. कंटाळून त्याने एक दिवा बॅटरीला लावून दाखवला. नेमका दोघांच्या तोंडावर! नवरा-बायकोने चष्मे काढून बॉनेटवर ठेवले, डोळे चोळले आणि हाताला लागला तो चष्मा चढवला. मिस्त्री नवे दिवे बसवायला खाली वाकला.

"वा! याला म्हणतात उजेड!" मास्तर ओरडले. "ती पलीकडची पाटी वाचता येतेय. 'भिंतीला टेकू नये'!"

"मास्तर," मिस्त्री खालूनच म्हणाला, "वायर अजून माझ्या हातात आहे."

"आणि अहो," मास्तरीणबाई म्हणाल्या, "तुमच्या कॉलरला हा भाजीचा डाग कधीपासून आहे?"

चिरंजीवांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग ते हसत हसत गाडीला टेकले.

"बाबा, महिनाभर तुम्ही आईच्या डोळ्यांनी बघत होतात!"

दुकानातून चष्म्यांच्या डब्या आल्या त्या दिवशीच अदलाबदल झाली होती. सारखेपणाने घात केला होता. मास्तर ओशाळले, पण चिरंजीवांनी खिशातली किल्ली काढून परत त्यांच्या हातावर ठेवली, तेव्हा त्यांना भरून आलं.

"मग जुनेच परत लावू का?" मिस्त्रीने विचारलं.

"थांबा," मास्तर म्हणाले, "जरा विचार करतो."

मिस्त्रीने मान हलवली आणि नवेच लावून टाकले.

त्या संध्याकाळी रस्ता आरशासारखा स्वच्छ दिसत होता. मास्तरांना झाडाचं पानन् पान दिसत होतं. शेजारी मास्तरीणबाई मात्र हात मांडीवर ठेवून गप्प बसल्या होत्या. आठवडाभर किती हुशारीने रस्ता सांगत होत्या बिचाऱ्या! आता त्यांच्याजोगं काम उरलं नव्हतं. मास्तरांना ते बघवेना.

"अगं," त्यांनी विचारलं, "पुढे वळण आहे का?"

मास्तरीणबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग वळणाकडे पाहिलं. त्या हळूच सावरून बसल्या.

"आहे, डावीकडे. आणि जरा थांबा हं, तो लाल शर्टवाला ओलांडतोय."

मास्तरांनी गाडी टपालपेटीसमोर अदबीने उभी केली.

"गेला का गं?"

"जाऊ दे की त्याला सावकाश," मास्तरीणबाई म्हणाल्या. "आपल्याला कुठे घाई आहे?"