शांतवन सर आणि बिनटीव्हीचा खेळ

आमच्या गल्लीतल्या शांतवन सरांकडे टीव्हीवर खेळायचा खेळ होता, टीव्ही नव्हता. सरांचं सोडा, आमच्या माहितीत अख्ख्या नगरात कुणाकडे टीव्ही नव्हता. तो मुंबईत नुकताच आला होता, आणि तिकडे जाऊन नुसता बघून आलेला माणूससुद्धा पानाच्या टपरीवर आठवडाभर भाव खायचा. अशा काळात सरांच्या घरी तो खेळ आला, आणि टीव्हीची वाट न बघता सरांनी तो खेळायलाही घेतला.

खेळ पाठवला होता त्यांच्या एकुलत्या एका मुलीनं, रूथनं. ती अमेरिकेत नर्स होती. मुंबईत टीव्ही आल्याचं तिला तिकडे कळलं, आणि इतक्या लांबून मुंबई आणि नगर तिला एकच वाटलं असावं. खोक्यात एक पांढरी पेटी होती. पेटीला वायरीनं जोडलेल्या दोन डब्या, डब्यांना फिरवायच्या खुंट्या, आणि टीव्हीच्या काचेवर चिकटवायचे रंगीत पारदर्शक कागद. एका कागदावर टेनिसचं मैदान छापलेलं होतं. पडद्यावर म्हणे प्रकाशाचे ठिपके उमटतात. दोन गडी आणि एक चेंडू. बस्स. आवाज नाही, आणि गुण मोजायचे तेही खेळणाऱ्यांनीच.

सोबतच्या माहितीपत्रकात हे वाचून सर माझ्याकडे धावत आले. "पवार, अमेरिकेनं एवढं यंत्र केलं, पण त्यात पंच घालायला विसरले!" इतका आनंदी चेहरा मी त्यांचा कधी बघितला नव्हता.

कारण सर जन्मजात पंच. शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झाले, पण गळ्यातली शिट्टी निवृत्त झाली नाही. गंगाराम दूधवाल्याची सायकल सरांच्या अंगणात खडूनं मारलेल्या रेषेला लागली की शिट्टी. लग्नाच्या पंगतीत वाढप्यानं एखादं पान वगळलं की शिट्टी. चर्चमध्ये उपदेश लांबला की ते शिट्टी नुसती ओठांपर्यंत नेत, आणि तेवढ्यानं पाद्रीसाहेब 'आमेन'वर येत. सरांचं ठरलेलं वाक्य होतं, "रेष म्हणजे रेष." मैदानावर ते पुस्तकातल्यासारखं शुद्ध बोलत. मनाला काही लागलं की मात्र त्यांचं मूळ गाव, तिसगाव, जिभेवर येई.

तर टीव्ही नसताना खेळ खेळायचा कसा? सरांनी टेनिसचा कागद खिडकीच्या काचेला चिकटवला. संध्याकाळी स्वतः बाहेर ओट्यावर उभे राहून ते कागदामागून टॉर्चचा ठिपका फिरवत. तो चेंडू. आतून मी आणि गंगारामनं काचेला बोट लावून ठिपका अडवायचा. बोट चुकलं, ठिपका रेषेपलीकडे गेला, की बाहेरून शिट्टी. चेंडूही सरच आणि पंचही सरच, त्यामुळे दाद मागायला जागा नव्हती. एकदा गंगारामनं तक्रार केली, "सर, तुमीच टाकता आन् तुमीच बाद करता, ह्यो कुठला न्याय?" त्यालाही शिट्टी मिळाली.

पुढच्या पावसाळ्यात ओट्यावर उभं राहवेना, तेव्हा सुधारणा झाली. चहाच्या लाकडी खोक्याला एका बाजूनं काच, आत टॉर्च बसवलेली दांडी, आणि दांडीला बाहेर हँडल. आता चेंडू घरात बसून फिरू लागला. सर म्हणाले, "यंत्र पुढे गेलं पाहिजे, पवार." मला वाटतं त्या वर्षी या खेळात आमच्या गल्लीइतकी प्रगती अमेरिकेतही झाली नसेल.

एका गोष्टीचं मला नवल वाटायचं. खुंटीची एक डबी सर आम्हाला हातात धरायला देत. खोक्याला ती जोडलेली नव्हती, पण खेळाडूला सवय हवी म्हणून. दुसरी डबी मात्र स्वच्छ फडक्यात गुंडाळून कपाटात. ती मागितली की म्हणत, "तो राखीव गडी आहे."

राखीव गडी कोण, ते एकदा त्यांनीच सांगितलं. रूथ शाळेत असताना खो-खोची कर्णधार होती. जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात सर पंच होते. शेवटचे काही क्षण उरले होते, पळणारी फक्त रूथ राहिली होती, आणि वळताना तिचे पाय मैदानाबाहेर पडले.

"एक पाय आत असता तरी बाद नव्हती," सर म्हणाले. "दोन्ही बाहेर हुते. मी शिट्टी मारली."

"अहो, पोटची पोर ना सर?"

"रेषेला पोरगी कळती व्हय?" मग शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत हळूच म्हणाले, "हरली म्हनून रडली न्हाई ती. घरी आल्यावर म्हनली, पप्पा, तुमी बरोबर हुता. तेच लागलं बघा. आन् आता तर दोन्ही पाय पार समुद्रापल्याड गेले तिचे."

त्यानंतर मी राखीव डबी कधी मागितली नाही.

पुढे पुण्याहून टीव्ही दिसू लागला, तेव्हा आमच्या डॉक्टरांनी गच्चीवर लोखंडी पाइपाचा उंचच उंच अँटेना उभारला. चित्र कमी आणि मुंग्याच जास्त, तरी गल्ली तासन् तास त्या मुंग्या बघायची. त्याच वर्षी नाताळला रूथ आली. दुसऱ्या दिवशी दुपारी सर पांढरी पेटी छातीशी धरून डॉक्टरांच्या घरी हजर. डॉक्टरांनी वायरी जोडल्या, मागचं बटण पिळून सरकणारं चित्र थांबवलं, आणि मुंग्यांच्या गर्दीत खरंच तीन ठिपके उभे राहिले. गंगारामनं तर हात जोडले.

सरांनी काचेवर टेनिसचा कागद चिकटवला, फडक्यातली डबी सोडवली आणि रूथच्या हातात दिली. दुसरी स्वतः घेतली. शिट्टी तोंडात होतीच.

पहिल्यांदा रूथ हसत खेळत होती, मग तीही दात-ओठ खाऊन खेळू लागली. बापलेकीचे गुण सारखे झाले. शेवटचा चेंडू रूथच्या गड्याला चुकवून सरळ रेषेपलीकडे गेला. आम्ही सगळे सरांकडे बघू लागलो. गाल फुगले होते, पण शिट्टी वाजेना.

"सर, बाहेर गेला की!" डॉक्टर म्हणाले.

सरांनी शिट्टी तोंडातून काढली. "मुंग्या लई हायेत डॉक्टर. रेष दिसत न्हाई."

रेष पडद्यावर नव्हतीच. ती वरच्या कागदावर छापलेली होती, चांगली ठळक पांढरी, आणि तो कागद सरांनी स्वतःच्या हातानं चिकटवला होता. हे खोलीतल्या सगळ्यांना कळलं. रूथलाही कळलं. ती वडिलांच्या खांद्याला डोकं टेकून बसली.

नवं वर्ष लागल्यावर ती परत निघाली. माळीवाड्याच्या स्टँडवर पुण्याची गाडी उभी होती. सामान वर गेलं, आणि रूथ एक पाय पायरीवर आणि एक जमिनीवर ठेवून सरांचा हात धरून उभी राहिली. सोडेचना.

कंडक्टर वैतागला. "बाई, आत येताय का न्हाई? गाडी सुटली."

"थांबा," सर म्हणाले. "एक पाय आत हाय तिचा. बाद न्हाई."

"कुठं आत? एक पायरीवर, दुसरा तर खालीच हाय की!"

"त्यो खालचाच म्हनतो मी," सर म्हणाले.

कंडक्टरला काही कळलं नाही, पण सरांचा चेहरा बघून त्यानं घंटीच्या दोरीवरचा हात खाली घेतला. गाडी आणखी थोडा वेळ थांबली. मग रूथनंच दुसरा पाय उचलला. सरांची शिट्टी मुठीत होती. गाडी वळणापलीकडे दिसेनाशी झाली तरी त्यांनी ती वाजवली नाही.